वाळवंटातल्या तारेचं तापमान

चाकणला आमची कंपनी रेल्वेच्या विजेच्या तारांना लागणारं सामान बनवते. क्लॅम्प, कप्प्या, तारेची ओढ सांभाळणारी मोठी चाकं. मी तिथे क्वालिटीत आहे, बावीस वर्षं. पिंपळे सौदागरहून सकाळी सहाला निघालो तर सातपर्यंत गेटवर पोचतो, सातला निघालो तर काही सांगता येत नाही. या बावीस वर्षांतले चौदा महिने मी इथे नव्हतो, आखातातल्या एका देशात होतो. तिथे वाळवंटातून नवी वेगवान रेल्वे टाकायचं काम चाललं होतं. त्या चौदा महिन्यांबद्दल मी सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, नातेवाइकांच्या घरी भरपूर बोललो आहे. वाळूची वादळं सांगितली, फोटो दाखवले. एकच गोष्ट सांगितली नाही. ती आता लिहितो आहे, कारण ती लपवून ठेवण्याचाही कंटाळा आलाय.

आमची चाकं तिथल्या खांबांवर बसणार होती आणि बसवायला माणसंही आमचीच हवीत, अशी अट होती. मला सुपरवायझर म्हणून पाठवलं. बरोबर सहा फिटर. त्यातला एक राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, आधी इथल्या लाइनींवर दहा वर्षं खांब चढलेला. उंचीवर गेला की तो गप्प असायचा, खाली उतरला की तोंड थांबायचं नाही. या लिखाणात मी त्याला फिटरच म्हणेन. नाव लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही, असं मला वाटतं.

वाळवंट म्हणजे सपाट वाळू, अशी माझी समजूत होती. निम्मं काम डोंगरांतून होतं. काळेतांबडे, एक झुडूप नसलेले, दुपारी तव्यासारखे तापणारे कडे. एका ठिकाणी खांबाचा पाया घ्यायला जावं तर ड्रिलची टोकं मोडायची. तिथून थोडं पुढे खड्डा घ्यावा तर जेवून येईपर्यंत वाळूनं अर्धा भरलेला. वर्षातून एखाद्या वेळी पाऊस पडायचा आणि कोरड्या ओढ्याला असं पाणी यायचं की भराव वाहून जायचा. वाळूच्या टेकड्या जागच्या जागी थांबत नसत. आज खांबापासून शंभर पावलांवर असलेली टेकडी दोन महिन्यांनी खांबाच्या पायाशी येऊन बसलेली असे. समुद्राच्या बाजूला वाऱ्याबरोबर खारट धूळ यायची, इन्सुलेटरवर तिचा थर बसायचा, पहाटेचं दव पडलं की त्यावरून ठिणग्या उडायच्या. म्हणून टँकर आणून इन्सुलेटर धुवायचे.

"आमच्या वाडीला टँकर यावा म्हणून आमी तहसीलला खेटे घालतो," फिटर म्हणायचा, "आन् हितं खांब आंघोळ करतोय. पुढच्या जन्मी खांबच व्हनार बगा मी."

आता ज्यामुळे सगळं झालं ते सांगतो. विजेची तार तापली की लांबते, गार झाली की आखडते. गाडी सावकाश जाणारी असेल तर थोडं इकडेतिकडे चालतं. पण जी गाडी तासाला तीनशे किलोमीटर धावणार, तिच्या डोक्यावरची तार सैल पडून चालत नाही आणि फार ताणूनही चालत नाही. म्हणून तारेच्या टोकाला खांबावर एक चाक असतं आणि चाकाला लोखंडी वजनांची माळ टांगलेली असते, विहिरीच्या रहाटाला घागर टांगावी तशी. तार लांबली की वजनं खाली येतात, आखडली की वर जातात. ओढ तेवढीच राहते.

वजनं बसवताना ती जमिनीपासून किती उंच टांगायची, याचा तक्ता असतो. त्या क्षणी तार जितकी तापलेली असेल, तिच्यासमोरची उंची तक्त्यात पाहायची. हवा किती गरम आहे हे नाही, तार किती गरम आहे हे. त्यासाठी त्याच तारेचा हातभर तुकडा प्रत्येक खांबापाशी उन्हात टांगायचा, त्यावर थर्मामीटर लावायचा, थोडा वेळ थांबायचं, आकडा वाचायचा आणि वर चढलेल्या माणसाला सांगायचा. वाचणं माझं काम, बसवणं फिटरचं.

आणि इथे मी चाकणहून नेलेली एक सवय आड आली.

आमच्याकडे शिफ्ट सुरू झाली की 'फर्स्ट पीस' काढतात. पहिला नग मशीनवरून उतरला की तो नीट, सगळ्या बाजूंनी मोजायचा. तो बरोबर निघाला की मशीन बरोबर लागलंय असं धरायचं. मग दर तासाला एक नग मोजून शीटमध्ये लिहायचा असतो. पण मशीन काही तासातासाला बदलत नाही. म्हणून शिफ्ट संपताना कॅन्टीनमध्ये चहा घेत उरलेली घरं भरायची. सगळीकडे तोच आकडा लिहायचा नाही, एखादा पॉइंट वर, एखादा खाली, म्हणजे शीट खरं वाटतं. हे मला पहिल्याच वर्षी एका सीनियरनं शिकवलं. मी पुढे कित्येकांना शिकवलं. यात आपण खोटं काही करतो असं मला कधी वाटलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. आमच्याकडे त्याला 'शीट पूर्ण करणं' म्हणतात.

तिथे पहिले काही महिने मी नीट काम केलं. प्रत्येक खांबापाशी चालत गेलो. मग ऊन वाढलं. रुळांखालच्या खडीवरून चालून गुडघा दुखायला लागला. गाडीत एसी होता. डोंगर संपून वाळू सुरू होते तिथल्या टप्प्यात, चार दिवस, मी सकाळी सहाला पहिल्या खांबापाशी आकडा घेतला आणि गाडीत जाऊन बसलो. फिटर खांबावर चढला की वॉकीटॉकीवर विचारायचा.

"साहेब, किती?"

"अठ्ठावीस."

पुढच्या खांबावर, "साहेब, किती?"

"एकोणतीस."

चाकणच्या शेडमध्ये सकाळी सहा आणि सकाळी दहा यांत मशीनला काही फरक पडत नाही. तिथे सहाला तारेला हात लावता यायचा आणि दहाला लावला तर कातडं चिकटायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. आठवलंच नाही, असंही म्हणता येणार नाही. हात आपोआप शीट भरत होता.

तिसऱ्या दिवशी नऊ-साडेनऊला फिटरनं वरून विचारलं, "साहेब, सकाळी पन अठ्ठावीसच हुतं की."

"मग?"

"न्हाई, थर्मामीटर लई गुनी हाय म्हनतो. दिवसभर शब्द बदलत न्हाई."

वॉकीटॉकीवर बाकीचे सगळे हसले. मीही हसलो. आणि पुढच्या खांबाला तीस सांगितलं.

उन्हाळ्यात काहीच दिसलं नाही. चूक थंडीत दिसणारी होती. तार खरंतर खूप तापलेली असताना आम्ही ती गार आहे असं धरून वजनं टांगली होती, म्हणजे असायला हवीत त्याहून बरीच उंच. तिथे हिवाळ्याची पहाट बोचरी असते. तार आखडली, वजनं वर चढत गेली आणि वरच्या अडसराला जाऊन टेकली. त्याच्या वर जायला जागा नव्हती, तार तर आखडतच होती. एका ठिकाणी क्लॅम्प सरकला आणि तार रुळांवर लोंबली. सकाळी तपासणीची गाडी सावकाश येत होती, चालकाला लांबूनच दिसलं, त्यानं थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण प्रवासी गाड्या सुरू झाल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्या दिवशी कुणालाच सांगावं लागलं नाही.

चौकशी एका केबिनमध्ये झाली. टेबलावर माझी शीट्स मांडलेली होती. तीनजण तक्ता आणि शीट शेजारी शेजारी ठेवून बघत होते. तापमान आणि उंची तंतोतंत जुळत होती. कुठे एक पॉइंट वर, कुठे एक खाली. शीटवर वेळेचं घर नव्हतं, त्यामुळे सगळे आकडे सकाळच्या गारव्यातले वाटत होते. सुंदर शीट्स होती. शीट बरोबर आणि वजनं तर वर अडकलेली, म्हणजे ज्यानं टांगली त्यानं सांगितलेल्या उंचीवर टांगली नाहीत, असा अर्थ निघत होता. त्यांनी मला विचारलं, "हे आकडे तुम्ही स्वतः प्रत्येक खांबापाशी घेतले?"

मी म्हणालो, "हो."

मग फिटरला आत बोलावलं. तो इतका वेळ बाहेर कंटेनरच्या सावलीत उकिडवा बसला होता. त्याचं म्हणणं मीच मराठीतून इंग्रजीत सांगायचं होतं, दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं तेवढंच धरलं." मी ते तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. त्याला वाटलं असेल की साहेब आपली बाजू मांडतायत.

आठवड्यात त्याला परत पाठवलं. निघायच्या दिवशी बॅग खांद्याला लावून तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. "साहेब, तुमी बोलला असाल की माझ्याकडनं," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"बोललो," मी म्हणालो. "ऐकत नाहीत ते लोक."

"व्हय. तुमी तरी काय करनार."

त्याच्या अनुभवाच्या दाखल्यावर शेरा आला: कामात निष्काळजी, उंचीवरच्या आणि तारेच्या कामासाठी शिफारस नाही. नंतर त्या टप्प्यातली सगळी वजनं परत लावायची होती. ती मी दुसऱ्या फिटरला घेऊन लावली. प्रत्येक खांबापाशी चालत गेलो, गुडघ्याला पट्टा बांधून. एक खांब चुकवला नाही.

परत आल्यावर कंपनीत माझा सत्कार झाला. वाळवंटात काम पुरं करून आलेला माणूस म्हणून शाल, नारळ. पुढच्या वर्षी क्वालिटीचा प्रमुख झालो. सहीचा अधिकार आला. मी कुणाला शीट बसून भरायला सांगितलं नाही, पण भरताना दिसलं तर थांबवलंही नाही. सही करत राहिलो. रोज थकून घरी यायचो आणि बायकोला वाटायचं ट्रॅफिकनं थकलाय.

गेल्या फेब्रुवारीत चाकणच्या चौकात अडकलो होतो. कांद्याचे ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, सगळं एकमेकांत घुसलेलं. शेजारी एक बस उभी होती, पहिली पाळी घेऊन निघालेली. ड्रायव्हरनं खिडकीतून वाकून हाक मारली.

"काय साहेब, हितं तर वाळू पन न्हाई. मंग कशात रुतलाव?"

तो फिटर होता. केस पांढरे झाले होते. आल्यापासून तो बसच चालवत होता, राजगुरुनगरहून चाकणला कामगार आणायचे आणि न्यायचे. दहा मिनिटं आम्ही खिडकीतून खिडकीत बोललो. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मग तो म्हणाला, "बरं झालं भेटलाव. नव्या लाइनीच्या कामाला फिटर घ्यायलेत. फॉर्म भरलाय मी. पन त्यो दाखला बघितला की कागद बाजूला ठेवत्यात. तुमी माझे साहेब हुता. दोन वळी लिहून द्याल का, की मानूस कामाला बरा हाय म्हनून? पुढच्या आठवड्यापर्यंत कागद द्यायचाय."

मी म्हणालो, "रविवारी घरी येतो."

"घरी? अवो कशाला, हितंच द्या की चौकात."

"नाही, येतो."

मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले आणि तो पुढे गेला.

शनिवारी मी पत्र टाइप केलं. चार वेळा केलं. शेवटच्यात असं होतं की, सदर टप्प्यात तापमानाच्या नोंदी घेताना माझ्याकडून काही त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, त्यामुळे संबंधित फिटरविषयीच्या शेऱ्याचा पुनर्विचार व्हावा. प्रिंट काढल्यावर मला अगदी हलकं वाटलं. मी धाडसाचं काही केलंय असं वाटलं.

त्याचं घर गावाच्या कडेला, पत्र्याची पडवी असलेलं. बायको चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनीवर कामाला आहे, त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिनं चहा ठेवला. मी बसलो आणि चहा यायच्या आधी सगळं सांगितलं. गाडीत बसून आकडे सांगितले ते. केबिनमध्ये 'हो' म्हणालो ते. दाराशी 'बोललो' म्हणालो, तेही. शेवटचं सांगताना माझा आवाज फुटला आणि मला त्याची लाज वाटली, कारण रडण्याची पाळी माझी नव्हती.

तो म्हणाला, "थर्मामीटरचं मला तवाच कळलं हुतं. म्हटलं साहेबाला ऊन लागतंय, बसू द्या. मला वाटलं तुमी अंदाजानं बरोबर सांगत असाल, शिकलेला मानूस." मग, "पन आत बोलला न्हाईत, हे न्हवतं म्हाईत."

त्याची बायको कप घेऊन दारात उभी होती. "दोन वर्सं गाव म्हनतंय, हे पिऊन चढले असतील," ती म्हणाली. "माझा भाऊ पन म्हनला. मी पन एकदा इचारलं यांना." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या लाइनीवर पन चारचं रीडिंग दोनलाच भरत्यात. मी सोता भरते."

"तू गप," तो म्हणाला.

"गप काय? खरं हाय ते. पन आमच्यात त्यानं कुनी घरी बसत न्हाई."

मी पत्र पुढे केलं. त्यानं ते पडवीच्या उजेडात नेऊन, ओळीखाली बोट धरून वाचलं. दोनदा.

"साहेब, त्रुटी म्हंजे चूकच ना?"

"हो."

"आन् राहिली असन्याची शक्यता. म्हंजे राहिली का न्हाई?"

"राहिली."

"मंग शक्यता कशाला?" त्यानं कागद माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यो कागद बघून त्यांना वाटंल, साहेब भला मानूस हाय, गड्यासाठी शब्द टाकतोय. मी तसाच ऱ्हाईन."

बायकोनं आतून वहीचा फाडलेला कोरा कागद आणि पेन आणून दिलं. मी हातानं लिहायला घेतलं. मी आकडे घेतले नाहीत. गाडीत बसून सांगितले. चौकशीत खोटं बोललो.

"कुटल्या खांबापासनं कुटल्या खांबापर्यंत, ते लिवा," तो म्हणाला.

मला आठवेना. सही माझी, शीट्स माझी, आणि मला एकही नंबर आठवेना. त्यानं भिंतीला टेकून, डोळे मिटून, एकेक खांबाचा नंबर सांगितला. मधला एक सोडायला सांगितला, कारण त्या खांबापाशी मी पाणी प्यायला उतरलो होतो आणि तिथला आकडा खरा होता. मी लिहीत गेलो. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. खाली सही केली. त्यानं कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, चहा गार झाला होता तो पिऊन घ्या म्हणाला आणि बसच्या फेरीला निघून गेला. माझा निरोप त्यानं घेतला नाही.

त्या कागदाची प्रत मी तिकडच्या ठेकेदाराला पाठवली आणि एक आमच्या प्लांटच्या प्रमुखांना दिली. त्यांनी ती वाचून दार लावून घेतलं. "हे फक्त तिकडेच, की इथेही?" मी म्हणालो, "इथेही." त्यांनी डोळे चोळले. "राव, हे बोलायला तुम्हाला आजचाच दिवस सापडला? परवा ऑडिट आहे." सहीचा अधिकार त्याच दिवशी गेला. पाच वर्षांची शीट्स बाहेर काढली, ज्या नगांचे नमुने स्टोअरमध्ये शिल्लक आहेत ते पुन्हा मोजायला मलाच बसवलंय. नोकरीचं काय ते अजून ठरलेलं नाही. ज्यांना मी शीट पूर्ण करायला शिकवलं ती मुलं आता प्रमुखांच्या केबिनमध्ये एकेक करून जातात आणि बाहेर आली की माझ्याकडे बघत नाहीत. बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगतोयस?" आणि पुढचे दोन दिवस फक्त जेवायला बोलावण्यापुरतं बोलली.

मागच्या शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. फिटरची बायको होती. तिच्या पाठीमागे मशिनांचा आवाज येत होता, बहुतेक जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन बोलत असावी.

"यांचा शेरा काढला म्हनून ईमेल आला. सोमवारी बोलावलंय, चढून दाखवायचंय."

"बरं झालं," मी म्हणालो. मग म्हणालो, "मी त्यांना फोन करू का?"



"मी इचारलं हुतं सकाळी," ती म्हणाली. "खांबावर चढायचा पट्टा काढून तपासत बसले हुते. न्हाई म्हनले."

"बरं."

"ठेवते हां, भोंगा झाला."